‘आणून देतो’ : ऑनलाइन दुकानांच्या सुरुवातीविषयी थोडेसे

आमच्या दुकानात गल्ल्याशेजारी एक लांबट वही दोऱ्याने खिळ्याला बांधून ठेवलेली असते. तिला आम्ही ‘मागणी वही’ म्हणतो. गिऱ्हाइकाने मागितलेले पुस्तक दुकानात नसले, तर बाबा ‘नाही’ म्हणत नाहीत. मराठी गिऱ्हाईक असेल तर ‘आणून देतो’ म्हणतात, कानडी असेल तर ‘तरिसि कोडतीन्री’ म्हणतात आणि वहीत एक ओळ लिहितात : पुस्तकाचे नाव, लेखक, गिऱ्हाइकाचा फोन, आगाऊ किती घेतले आणि पुस्तक कुठून यायचे. मराठी पुस्तक असेल तर बहुधा पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून, कानडी असेल तर धारवाडहून. पार्सल रात्रीच्या बसने येते. सकाळी बसस्थानकावरून ते उचलून आणायचे काम, मला आठवते तेव्हापासून, बाबांचेच आहे.

बेळगावातल्या या दुकानात मी लहानाची मोठी झाले. दोन्ही माध्यमांची शालेय पुस्तके, वह्या, मार्गदर्शके आणि मागच्या फळीवर थोड्या कथा-कादंबऱ्या, एवढाच आमचा पसारा. जूनच्या हंगामावर वर्ष निघते. गेल्या वर्षी मात्र हंगाम संपता संपता बाबा जेवताना सहज बोलल्यासारखे बोलले, “दिवाळीपर्यंत बघू. नाहीतर जागा कुणाला तरी देऊन टाकू.” आईने वाढायचे थांबवले नाही, पण त्या रात्री घरात कुणी टीव्ही लावला नाही.

कारण आम्हा सर्वांना ठाऊक होते. मुले दुकानात येतात, पुस्तक चाळतात, मुखपृष्ठाचा आणि किमतीचा फोटो काढतात आणि ‘येतो’ म्हणून जातात. पुस्तक दोन दिवसांनी त्यांच्या घरी पोचते, आमच्याकडून नव्हे. आणि दुसऱ्यांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही, कारण मीही तेच केले होते. परिव्ययलेखनाचे एक मार्गदर्शक मी फोनवरून मागवले. साठ रुपये वाचले. पत्ता दुकानाचाच दिला होता, कारण दिवसा घरी कुणी नसते. खोके आले तेव्हा मी कॉलेजात होते. बाबांनी सही करून ते घेतले. संध्याकाळी ते माझ्यापुढे ठेवून एवढेच म्हणाले, “बांधणी चांगली आहे.”

त्याच सत्रात आम्हाला एका व्यवसायाचा अभ्यास करून प्रकल्प लिहायचा होता. मी ठरवले, आपल्या दुकानापुढे जे संकट उभे आहे त्याचीच कुंडली मांडावी. हे ऑनलाइन दुकान सुरू कसे झाले, अगदी सुरुवातीला ते काय करत होते, हे पाहावे. प्रस्तुत लेख त्या अभ्यासातून झाला आहे. वाचताना मला जे सापडले ते मला अपेक्षित नव्हते, म्हणून ते आपणापुढे ठेवावेसे वाटले.

सुरुवात पुस्तकांपासूनच का?

पहिली गोष्ट अशी, की जगातील सर्वांत मोठ्या ऑनलाइन दुकानांपैकी एक, अमेरिकेतील ॲमेझॉन, आणि भारतातील फ्लिपकार्ट, या दोघांनीही आरंभ पुस्तकविक्रीने केला. हा योगायोग नव्हता.

जेफ बेझोस यांनी १९९४ साली न्यूयॉर्कमधील चांगल्या पगाराची नोकरी सोडली आणि सिॲटलजवळच्या बेलव्ह्यू गावी एका भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये काम सुरू केले. इंटरनेटवरून काय विकता येईल याची त्यांनी वीस वस्तूंची यादी केली होती. त्यांतून पुस्तके निवडली. जुलै १९९५ मध्ये त्यांचे दुकान लोकांसाठी उघडले.

पुस्तकेच का, याचे उत्तर पुस्तकवाल्याच्या मुलीला लगेच पटते. पुस्तक नासत नाही. त्याला माप नसते. चप्पल पायाला होत नाही म्हणून परत येते, कादंबरी तशी येत नाही. एकाच आवृत्तीची प्रत बेळगावात घ्या की बंगळुरात, ती तीच असते, म्हणून गिऱ्हाइकाला हातात घेऊन पारखण्याची फारशी गरज नसते. शिवाय पुस्तकाला आयएसबीएन हा क्रमांक असतो. पूर्वी तो दहा अंकी होता, २००७ पासून तेरा अंकी झाला. नाव लिहिताना चूक होईल, पण क्रमांक बरोबर असला की पुस्तक बरोबर. संगणकाला माल ओळखण्याची ही आयती सोय होती.

परंतु सर्वांत महत्त्वाचे कारण निराळेच होते. त्या काळी जगात तीस लाखांहून अधिक पुस्तके छापील उपलब्ध होती. कितीही मोठे दुकान बांधले तरी एवढी पुस्तके एका छपराखाली मांडता येत नाहीत. यादी मात्र कितीही मोठी करता येते. म्हणजे कागदावर, किंवा पडद्यावर, असे दुकान काढता आले की ज्यात ‘नाही’ हा शब्दच नाही.

इथपर्यंत वाचले आणि मी थांबले. ‘नाही’ न म्हणण्याचा व्यापार म्हणजे आमची मागणी वहीच की!

माल नाही, मागणी आहे

ॲमेझॉनने सुरुवातीला गोदामे भरून ठेवली नव्हती. गिऱ्हाइकाची मागणी आली की ते घाऊक व्यापाऱ्याकडून पुस्तक मागवत, ते आले की बांधून पाठवत. आता घाऊक व्यापारी एकेक प्रत कशाला देईल? किमान दहा पुस्तके घ्यावीत असा त्यांचा नियम होता. यांना तर हवे असायचे एकच. तेव्हा त्यांनी एक पळवाट काढली. व्यापाऱ्याच्या यादीत दगडफुलांवरचे, म्हणजे झाडाच्या सालीवर उगवणाऱ्या लायकेनवरचे, एक आडवळणाचे पुस्तक होते. ते यादीत होते, पण व्यापाऱ्याकडे शिल्लक नव्हते. नियम दहा पुस्तके मागवण्याचा होता, मिळण्याचा नव्हता. मग हवे असलेले एक पुस्तक आणि नऊ प्रती दगडफुलांच्या, अशी मागणी जाई. एक पुस्तक येई आणि बाकीच्या नऊंबद्दल दिलगिरीची चिठ्ठी येई. हा किस्सा बेझोस यांनी स्वतःच सांगितलेला आहे. मी तो दुकानात वाचून दाखवला तेव्हा बाबा कितीतरी वेळ हसत होते. पुण्याच्या घाऊकवाल्यांशी त्यांचीही वर्षानुवर्षे अशीच झटापट चालू आहे.

दुसरा किस्सा बांधणीचा. पहिल्या महिन्यांत मंडळी सिमेंटच्या जमिनीवर गुडघे टेकून पुस्तके बांधत. गुडघे दुखू लागले. बेझोस म्हणाले, गुडघ्यांना बांधायच्या गाद्या आणाव्यात. शेजारी बसलेला सहकारी म्हणाला, त्यापेक्षा टेबले आणू या! दुसऱ्या दिवशी टेबले आली आणि काम कितीतरी वेगाने होऊ लागले. हुशार माणसालाही गुडघे टेकल्याशिवाय टेबलाची आठवण होत नाही, असा याचा अर्थ मी घेते. काम आधी हाताने केले, म्हणूनच कुठे काय अडते ते कळले.

आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावी अशी गोष्ट म्हणजे पैशाचा प्रवाह. आमच्यासारखा दुकानदार एप्रिल-मे मध्ये माल भरतो. पैसे तेव्हाच जातात आणि जून-जुलैत, विक्री होईल तसे, परत येतात. या मधल्या काळासाठी जे भांडवल लागते त्याला आपण खेळते भांडवल म्हणतो. ॲमेझॉनचे चक्र उलटे होते. गिऱ्हाईक मागणीबरोबरच क्रेडिट कार्डाने पैसे देई आणि घाऊक व्यापाऱ्याचे देणे काही आठवड्यांनी द्यायचे असे. म्हणजे मधल्या काळात गिऱ्हाइकाचाच पैसा दुकानाच्या हाती खेळे. पाठ्यपुस्तकातले खेळत्या भांडवलाचे प्रकरण मला पहिल्यांदा त्या दिवशी समजले.

बंगळूरचे दोघे

आता आपल्या राज्यातील उदाहरण. सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल हे दोघे चंडीगडचे. आडनाव एक असले तरी ते नातेवाईक नव्हेत. दोघेही दिल्लीच्या आयआयटीत शिकले आणि बंगळुरात ॲमेझॉनमध्येच नोकरीला होते. निरनिराळ्या ऑनलाइन दुकानांतील किमतींची तुलना दाखवावी, असा त्यांचा मूळ बेत होता. पण तुलना करायला तेव्हा भारतात पुरेशी चांगली दुकानेच नव्हती! तेव्हा तुलना बाजूला ठेवून त्यांनी दुकानच काढले. २००७ साली, दोघांचे मिळून सुमारे चार लाख रुपये घालून, कोरमंगलातल्या एका राहत्या घरात फ्लिपकार्ट सुरू झाले.

जाहिरातीला पैसे नव्हते. तेव्हा हे दोघे बंगळुरातल्या गंगाराम या प्रसिद्ध पुस्तकांच्या दुकानाबाहेर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाचनखुणा वाटत. जो पुस्तके विकत घेऊन बाहेर पडतो तोच आपला गिऱ्हाईक, हे गणित साधे होते. एका दुकानदाराची मुलगी म्हणून मला ते वाचताना राग आला, हे कबूल करते. पण त्यात अक्कल होती हेही कबूल करते.

पहिली मागणी आली ती तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील, आजच्या तेलंगणातील, महबूबनगर या गावाहून. पुस्तक होते जॉन वूड यांचे ‘लीव्हिंग मायक्रोसॉफ्ट टू चेंज द वर्ल्ड’. मोठी नोकरी सोडून नेपाळमधल्या मुलांसाठी ग्रंथालये काढणाऱ्या माणसाचे हे आत्मकथन. पण नेमके तेच पुस्तक त्यांच्या पुरवठादारांकडे शिल्लक नव्हते. पहिलेच गिऱ्हाईक, आणि माल नाही! ‘नाही’ म्हणणे सोपे होते. त्यांनी तसे न करता बंगळूरची पुस्तकांची दुकाने धुंडाळली, एका दुकानात ते सापडले, आणि मग महबूबनगरला रवाना झाले.

वाचकहो, भारतातील एका प्रचंड ऑनलाइन व्यापाराची पहिली विक्री अखेर एका साध्या पुस्तकाच्या दुकानातल्या फळीवरून झाली, हे वाचून मला काय वाटले ते मी नीट सांगू शकणार नाही. संगणकाने मागणी घेतली, एवढेच नवीन होते. पुढचे सगळे काम पायांनी झाले. ‘आणून देतो’ म्हणणे आणि खरोखर आणून देणे, हा व्यापार त्यांनी शोधून काढलेला नव्हता. त्यांनी तो आमच्यापेक्षा दूरवर नेला.

विश्वासाचा खर्च कोण सोसतो?

भारतात एक अडचण मात्र निराळी होती. २००७ च्या सुमारास फार थोड्यांकडे क्रेडिट कार्ड होते. यूपीआय तर २०१६ साली आले. शिवाय ज्याचे तोंड पाहिले नाही त्याला आधी पैसे कोण देणार? यावर फ्लिपकार्टने २०१० साली माल हाती पडल्यावर पैसे देण्याची सोय सुरू केली. त्यालाच आपण सर्वजण कॅश ऑन डिलिव्हरी म्हणतो. या एका सोयीने लहान गावांतली, कधी ऑनलाइन खरेदी न केलेली माणसे गिऱ्हाईक झाली.

ही कल्पना ऐकून आमच्या आजोबांच्या पिढीला नवल वाटले नसते. टपालखात्याने व्ही. पी. पी. ची सोय १८७७ सालीच सुरू केली होती. पोस्टमनला पैसे द्यावेत आणि पार्सल घ्यावे. पैसे मनीऑर्डरीने पाठवणाऱ्याकडे जात. कित्येक मराठी घरांतल्या पुस्तकांच्या कपाटाचा बराचसा भाग व्ही. पी. नेच आलेला असेल.

परंतु विश्वास फुकट मिळत नाही. त्याची किंमत कुणीतरी मोजतो. ते कसे, हे एका काल्पनिक हिशेबाने दाखवते. समजा, ३०० रुपयांचे पुस्तक आपल्याला २१० ला पडते. कुरिअर ४० रुपये, बांधणी १० रुपये. पुस्तक विकले गेले तर उरतात ४० रुपये. आता गिऱ्हाइकाने ते घेतलेच नाही, तर जातानाचे कुरिअर ४०, येतानाचे ४० आणि बांधणी १०, असे ९० रुपये अंगावर पडतात. पाच पार्सलांपैकी एक परत आले, तर चार विक्रींचे १६० मधून ९० गेले, राहिले ७०. दर पार्सलमागे चौदा रुपये. पाचांपैकी दोन परत आली, तर १२० मिळाले आणि १८० गेले. साठ रुपये तोटा! म्हणजे विक्री तर झाली, गिऱ्हाईकही खूश, आणि दुकानदार मात्र खड्ड्यात. आमच्याकडे बऱ्याच दुकानांत पाटी असते, ‘इंदु नगद, नाळे उद्री’, आज रोख, उद्या उधार. ती पाटी कंजूषपणाची नसून हिशेबाची आहे, हे मला आता कळते.

आमचा लहानसा प्रयोग

प्रकल्प लिहून झाला, पण मन स्वस्थ बसेना. मी आणि माझ्या एका मैत्रिणीने एक प्रयोग करायचे ठरवले. नव्या पुस्तकांवर मोठी सूट देणे आम्हाला शक्य नव्हते. म्हणून वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून जुनी पाठ्यपुस्तके घेतली, त्यांची मराठी आणि कानडी अशी दोन्ही भाषांत यादी केली आणि ती फोनवरून वर्गावर्गांच्या गटांत पाठवली. मागणी आली की संध्याकाळी स्कूटीवरून पुस्तक वसतिगृहावर किंवा घरी पोचवायचे आणि तिथेच पैसे घ्यायचे. कॅश ऑन डिलिव्हरी! मोठ्यांनी केले, आपणही करू.

पहिल्या महिन्यात ३१ मागण्या आल्या. आमचा आनंद गगनात मावेना. परंतु त्यांतली नऊ पुस्तके आम्ही जशी नेली तशीच परत आणली. ‘मैत्रिणीकडून मिळाले’, ‘आता नको’, ‘पैसे आज नाहीत’. एका ठिकाणी तर तीन वेळा गेलो आणि तिन्ही वेळा फोन बंद. पेट्रोलचा हिशेब केला तेव्हा महिनाभराच्या खटपटीत हाती जवळजवळ काहीच उरले नव्हते.

ही वही मी बाबांना दाखवली. त्यांनी ती वाचली, काही बोलले नाहीत, आणि खिळ्याला बांधलेली मागणी वही उचलून माझ्यापुढे उघडली. चौथ्या रकान्यावर बोट ठेवले. ‘आगाऊ.’ कुठे दहा, कुठे वीस, कुठे पन्नास. हा रकाना मी जन्मापासून पाहत आले होते, पण तो तिथे का आहे हे कधी विचारले नव्हते.

“वीस रुपयांनी आपलं पोट भरत नाही,” बाबा म्हणाले. “पण ज्यानं वीस दिले, तो पुस्तक न्यायला येतो.”

दुसऱ्या महिन्यापासून आम्ही वीस रुपये आगाऊ घेऊ लागलो. मागण्या ३१ वरून १९ वर आल्या. त्यांपैकी १८ पुस्तके गिऱ्हाइकांनी घेतली. मागणी घटली आणि नफा वाढला, असे वाक्य अर्थशास्त्राच्या पेपरात मी लिहिले असते तर गुण कापले गेले असते.

याच सुमारास आमच्या हातून एक चूक झाली. एका विद्यार्थिनीला जुन्या अभ्यासक्रमाची आवृत्ती गेली. परीक्षा आठ दिवसांवर होती. मी फोनवर ‘सॉरी’चा संदेश पाठवला आणि पैसे परत करते म्हणाले. बाबांना कळले तेव्हा त्यांनी मला स्कूटीची किल्ली दिली. “तिच्या घरी जा. बरोबर पुस्तक घेऊन जा. आणि तोंडानं माफी माग.” संकोच वाटला, पण गेले. पुस्तक दुकानात नव्हते, ते मी एका ओळखीच्या विद्यार्थ्याकडून उसने घेऊन दिले. आज ती मुलगी आमची नियमित गिऱ्हाईक आहे.

मोठ्यांच्याही चुका होतात. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी फ्लिपकार्टने मोठ्या सवलतीचा एक दिवस जाहीर केला होता. एवढी गर्दी लोटली की यंत्रणा कोलमडली, अनेकांच्या मागण्या रद्द झाल्या, लोक संतापले. दुसऱ्या दिवशी दोघा संस्थापकांनी गिऱ्हाइकांना पत्र पाठवून आपली तयारी अपुरी पडल्याचे मान्य केले आणि क्षमा मागितली. मालाची चूक भरून काढता येते, पण शब्दाची चूक फक्त शब्दानेच भरून निघते, हे दोन्ही ठिकाणी सारखेच.

जे सहसा सांगितले जात नाही

अशा गोष्टी सांगताना गॅरेज, राहते घर, चार लाख रुपये यांचे वर्णन फार रंगवून केले जाते. ऐकणाऱ्याला वाटते, एक खोली आणि जिद्द असली की झाले. हे पूर्ण सत्य नव्हे, आणि अर्धवट सत्यावर भरवसा ठेवून आपल्यापैकी कुणी घरची ठेव मोडू नये, म्हणून हा परिच्छेद लिहिते.

बेझोस यांच्या आई-वडिलांनी १९९५ साली त्यांच्या व्यवसायात सुमारे अडीच लाख डॉलर घातले होते. मे १९९७ मध्ये ॲमेझॉनचे भाग बाजारात विक्रीस आले, परंतु पूर्ण वर्षाचा पहिला नफा व्हायला २००३ साल उजाडले. म्हणजे दुकान उघडल्यापासून आठ वर्षे! फ्लिपकार्टमध्येही पुढे गुंतवणूकदारांचा पैसा मोठ्या प्रमाणावर आला आणि मे २०१८ मध्ये अमेरिकेतील वॉलमार्टने सुमारे १६ अब्ज डॉलर मोजून तिचा ७७ टक्के वाटा घेण्याचे जाहीर केले. इतकी वर्षे तोटा सोसण्याची ताकद ज्याच्या पाठीशी आहे, तोच मोठ्या सवलती देऊ शकतो. आमच्यासारख्याने त्यांच्या किमतीशी बरोबरी करायला जाणे म्हणजे हत्तीबरोबर ऊस खायला बसणे.

तात्पर्य, या व्यवसायांची आजची अवस्था आपल्याला नक्कल करण्याजोगी नाही. त्यांची सुरुवात मात्र आहे. हाताळायला सोपी अशी एकच वस्तू निवडावी. माल भरण्याआधी मागणी गोळा करावी. पहिली कामे स्वतःच्या हातांनी करावीत, म्हणजे टेबल कुठे लागते ते कळते. विश्वासासाठी किती खर्च होतो तो वहीत मांडावा, आणि तो आपण सोसू शकतो का हे पाहूनच उदार व्हावे. चूक झाली तर स्वतः जावे. या पाच गोष्टींना फार भांडवल लागत नाही. आणि खरे सांगायचे तर, यांतल्या बहुतेक आमच्या दुकानात आधीपासून होत्या. मला त्या सिॲटल आणि बंगळूरला वळसा घालून पाहाव्या लागल्या, एवढेच.

दिवाळी होऊन गेली. जागा बाबांनी कुणाला दिलेली नाही. जुन्या पुस्तकांच्या प्रयोगाने दुकान तरले, असे मात्र मी म्हणणार नाही. सहा महिन्यांत सगळा खर्च वजा जाता ४,३०० रुपये उरले आणि त्यांत आम्हा दोघींच्या श्रमाचे मोल धरलेले नाही. बँकेच्या परीक्षेचा अर्जही मी भरून ठेवला आहे. पदवी झाल्यावर दुकानात बसायचे की नोकरी धरायची, हे अजून ठरलेले नाही. बाबा त्याबद्दल काही विचारत नाहीत.

मात्र गेल्या आठवड्यात मागणी वही संपली म्हणून त्यांनी नवी वही घेतली आणि पट्टीने रेघा मारल्या. पूर्वी पाच रकाने असत. या वेळी त्यांनी सहावा आखला आहे. त्याच्या डोक्यावर बाबांच्या अक्षरात लिहिले आहे, ‘फोनवरून’. त्या रकान्यातली पहिली ओळ एका कानडी माध्यमाच्या मुलाची आहे. पुस्तक धारवाडहून यायचे आहे. वीस रुपये आगाऊ मिळाले.

— बी. कॉम., तृतीय वर्ष